लॅपटॉप सुरूच होईना: तुमचा अनुभव लिहा

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, हा प्रसंग बहुतेकांवर येऊन गेला असेल. तो इथे लिहा. एकच विनंती आहे, गाडी नेमकी कुठे अडली होती ते आधी सांगा. दिवाच लागत नव्हता, दिवा लागून स्क्रीन काळी राहत होती, की कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच थांबत होतं? हे तीन वेगळे आजार आहेत. दुकानातही आधी हेच सांगितलं तर नको ते पार्ट बदलायची वेळ येत नाही.

सुरुवात मी करते. मुलीच्या लॅपटॉपचा दिवाच लागेना. तिच्या खोलीत टाइप-सीचे सगळे चार्जर सारखेच दिसतात. लॅपटॉपला लागतो ६५ वॅटचा, आणि लावलेला होता फोनचा १८ वॅटचा. बॅटरी पूर्ण उतरली की तेवढ्यावर बरेच लॅपटॉप उठत नाहीत. मूळ चार्जर लावून तासभर ठेवला, मग सुरू झाला. चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. फोनच्या टॉर्चखाली वाचता येतं.

रत्नागिरी
आमच्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचं. दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. आमच्या लॅपटॉपच्या रॅमचा (आतल्या मेमरीच्या पट्टीचा) संपर्क दमट हवेनं नीट होत नव्हता. ओळखीच्या रिपेअरवाल्यानं समोर बसवून दाखवलं: चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवली, रॅम बाहेर काढली. तिच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडल्या होत्या. साध्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसल्या, भुगा झटकला, पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवली. लगेच चालू! हल्लीच्या बारीक लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे हा उपाय नाही.

नाशिक
चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पुन्हा चार्जर लावा. माझा एवढ्यानंच उठला. आधी हेच करून बघा, पैसे लागत नाहीत.

कोल्हापूर, सीएच्या ऑफिसमधून
जुलैअखेर, रिटर्नची धांदल, आणि बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची, ४८ अंकी की मागायला लागला. मशीन धडधाकट होतं, कुलूप लागलं होतं इतकंच. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केलं, तिथे की सेव्ह होती. सहकाऱ्याच्या मशीनची की मात्र कुठेच नव्हती. त्याच्या फाइली कायमच्या गेल्या. कळकळीनं सांगते, आज लॅपटॉप चालू आहे तोवर की कागदावर उतरवून ठेवा.

धुळे
मला आत्ता मदत हवी आहे. एमएस्सीचा प्रोजेक्ट आत अडकलाय. दिवा लागतो, स्क्रीन पूर्ण काळी. दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतो.

म्युनिक
वडील सोलापूरला, मी इकडे, त्यामुळे सगळी तपासणी व्हिडिओ कॉलवर. बाबांना म्हटलं, खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधूक आयकॉन दिसले! म्हणजे मशीन चालू होतं, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेला होता. धुळ्याच्या भावानं हे करून बघावं.

पुणे, तपकीर गल्ली
रिपेअरिंग करतो, म्हणून थोडं जास्त लिहितो. धुळेकर, कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर बोर्ड गेला असं इतक्यात कुणाचं ऐकू नका. एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. चित्र आलं नाही तर विंडोज आणि पी एकत्र दाबून बघा.

चहा सांडलेले लॅपटॉप तर रोज येतात. सांडल्यावर लगेच चार्जर काढून बंद करावा आणि उलटा ठेवावा. लोक 'सुकलाय का बघू' म्हणून बटण दाबतात आणि तिथेच बोर्ड शॉर्ट होतो. तांदळात ठेवून साखर-दूध निघत नाही, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करावा लागतो. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलीय. तो चार्जिंगला लावूच नका. आणि चिन्हावर अडकलेल्या मशीनला फॉरमॅट मारण्याआधी डिस्क काढून, यूएसबीनं जोडता येणाऱ्या केसिंगमध्ये (डब्यात) घालून, दुसऱ्या मशीनवर फाइली उतरवा. गिऱ्हाईक सांगत नाही तोवर बरेच जण थेट विंडोज टाकून मोकळे होतात.

धुळे
कॅप्स लॉकचा दिवा लागतोय. टॉर्चनं काही दिसलं नाही, पण शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर चित्र आलं! प्रोजेक्टचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरतोय. स्क्रीन आणि तिची केबल तपासायला उद्या दुसऱ्या दुकानात नेतो.