मदत हवी आहे: लेकीच्या स्टार टेस्टचे स्कोअर कसे वाचायचे?

नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी सेकंड ग्रेडला आहे. ऑक्टोबरमधल्या स्टार टेस्टचा (शाळेत वर्षातून काही वेळा कॉम्प्युटरवर होणारी रीडिंग-मॅथची टेस्ट) रिपोर्ट आलाय, रीडिंगला पर्सेंटाइल ८८ आणि ग्रेड इक्विव्हॅलंट ३.४, मॅथला पर्सेंटाइल ४६. ४६ बघून नवरा म्हणाला, अगं हे तर काठावर पास! मग वाचलं की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, देशभरातल्या तिच्याच इयत्तेच्या १०० मुलांतल्या ४६ जणांपेक्षा ती पुढे, म्हणजे मधोमधच की. तेवढं कळलं.

घोळ आहे तो ३.४ चा. याचा अर्थ तिसरीच्या चौथ्या महिन्यातल्या सर्वसाधारण मुलाला याच टेस्टमध्ये जेवढा स्कोअर मिळेल तेवढा हिला मिळाला असा ना? तिला तिसरीची पुस्तकं झेपतात असा नाही? कारण ती वाचते धडाधड पण काल गोष्ट वाचून झाल्यावर विचारलं की त्यातला कुत्रा परत का गेला, तर नुसती माझ्याकडे बघत बसली. आणि सासूबाईंनी बे ते पाच पाढे पाठ करून घेतलेत तरी वजाबाकी अजून बोटांवरच.

पुढच्या आठवड्यात टीचरची मीटिंग आहे, दहाच मिनिटं मिळतात, त्यात नेमकं काय विचारू? आणि विंटरच्या टेस्टला पर्सेंटाइल थोडा खाली आला तर काळजी करायची का, कुणाचा अनुभव असेल तर प्लीज सांगा.