‘वेल्फेअर रिफॉर्म’ला मराठीत काय म्हणाल?

दादरपूर्व: अमेरिकेतल्या १९९६ च्या कायद्यावरचा एक लेख मराठीत करतोय. ‘वेल्फेअर रिफॉर्म’ला ‘कल्याण सुधारणा’ लिहिलं, तर घरातल्यांनी विचारलं, कुठल्या प्लॅटफॉर्मची? ‘कल्याणकारी योजनांतील सुधारणा’ चुकीचं नाही, पण जीव नाही त्यात. काही सुचतंय का?

गिरणगावकर: आधी ‘वेल्फेअर’ घ्या. आमच्याकडे हा शब्द गिरणीतून आला. पाचशे कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर नेमायचा, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं. पुढे १९५३ च्या कायद्यातून कामगार कल्याण मंडळ झालं. त्याच्या केंद्रांत शिवणवर्ग, व्यायामशाळा आणि मुख्य म्हणजे नाट्यस्पर्धा. त्यामुळे लालबाग-परळच्या माणसाला ‘कल्याण केंद्र’ म्हटलं की नाटकाची तालीम आठवते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. अमेरिकेत ‘ती वेल्फेअरवर जगते’ हा टोमणा आहे. तो ‘कल्याण’मध्ये उतरतच नाही. आपला टोमणा ‘फुकटचं’, ‘खैरात’ आणि हल्ली ‘रेवडी’ यांत असतो. (खैरात मूळ अरबीत सत्कृत्यं! मराठीत येईस्तोवर काय अवस्था झाली बघा.)

टेबलनंबरचार: माझी अडचण ‘सुधारणा’शी आहे. सरकारी मराठीत सुधारणा म्हणजे नुसता बदल, ‘सुधारणा अधिनियम’ म्हणतात तसा. वाचक मात्र समाजसुधारक वाचून वाढलेला. त्याला वाटणार, काहीतरी चांगलं झालं. झालं काय ते सांगतो. १९३५ पासून तिथे गरीब मुलांच्या घरांना रोख मदत होती, आणि अटींत बसलात की ती द्यावीच लागायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी ऑगस्ट १९९६ मध्ये सही केली आणि ती योजना गेली. तिच्या जागी नवी आली: केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात जास्तीत जास्त ६० महिने, कामाची अट, आणि राज्यांना मिळून वर्षाला साधारण १६.५ अब्ज डॉलरचं ठोक अनुदान. महागाई वाढली, आकडा तिथेच राहिला. मी तरी याला सुधारणा म्हणणार नाही. ‘हमी काढून घेतली’ म्हणेन.

दादरपूर्व: काका, ‘हमी’ जरा जास्त होत नाही का? मूळ शब्द ‘एन्टायटलमेंट’ आहे, म्हणजे कायद्याने मिळणारा हक्क.

टेबलनंबरचार: जास्त कशाने? तो आपल्याच राज्याचा शब्द आहे. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला. काम मागितलं की सरकारने द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. ‘हमी’त देणारा बांधला जातो. ‘योजना’ काय, आज आहे, उद्या निधी संपला. आणि मुंबईकरांनो, पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तो व्यवसाय कर मुळात या हमीसाठीच बसवला होता. नरिमन पॉइंटचा कारकून मराठवाड्यातल्या पाझर तलावाला पैसे देत होता, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

मालवणीची: मालाडच्या मालवणीत वस्तीत काम करते, म्हणून बोलते. लेखात ‘बेनिफिशियरी’ असेलच. तिथे डोळे झाकून ‘लाभार्थी’ लिहू नका. लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा, विद्यार्थी-शरणार्थीसारखा. पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी घेणारा शेतकरी ‘लाभधारक’ असतो, त्याचं शेत ‘लाभक्षेत्रा’त येतं. म्हणजे जमीनवाला धारक आणि विधवा बाई अर्थी! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क केला, तरी दुकानातल्या फलकावर ‘लाभार्थी’च.

गिरणगावकर: ताई, हे एकदम पटलं. ‘निराधार’बद्दलही लिहा की.

मालवणीची: संजय गांधी निराधार योजनेत बसायला घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. महिन्याला १,७५० झाले. मुंबईत एका घरची धुणीभांडी केली तरी बाई त्या रेषेच्या वर. म्हणजे दाखला खरा काढला तर ती निराधार नाही, आणि पोटाला आधारही नाही. पण या बायका ‘अनुदान’ कधीच म्हणत नाहीत. ‘पगार आला का गं?’ असं विचारतात. आमच्या गल्लीतल्या मावशी दर महिन्याला पासबुक घेऊन येतात, १,५०० च्या ओळीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, ‘वाच, पगारच ना?’ काही शिकलेले लोक यावर हसतात. मला तो शब्द फार नेमका वाटतो. जन्मभर राबल्यावर मिळणारा पैसा, दुसरं काय म्हणायचं?

दादरपूर्व: लेखकाचा मुख्य मुद्दा असा की, यादी निम्म्याहून कमी झाली म्हणजे कायदा यशस्वी.

मालवणीची: मग तिथे क्रियापद जपून वापरा. आमच्याकडे ‘नाव कमी झालं’ कोणी म्हणत नाही, ‘नाव उडालं’ म्हणतात. ‘अपात्र शिधापत्रिका शोध मोहीम’ निघाली की पहिला प्रश्न तोच, ‘माझं उडालं का?’ भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या बाईचा ठसा मशीन घेत नाही. चार वेळा अंगठा पुसून, पदराला घासून लावते, मागे रांग कुरकुरते. ई-केवायसी अडकलं की कागदावर एक अपात्र कमी. तिची गरिबी कुठे गेली?

टेबलनंबरचार: तिकडचंही तेच मोजा. १९९६ मध्ये मुलं असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांतल्या ६८ घरी रोख मदत पोचायची, २०२० मध्ये २१. तरी एक बाजू प्रामाणिकपणे लिहा हो. नव्वदीच्या शेवटी एकट्या आयांना कामं मिळाली, मुलांची गरिबीही घटली. पण तेव्हा बाजारात कामं भरपूर होती आणि कमी मिळकतीवरची करसवलतही वाढवली होती. सगळं श्रेय या कायद्याला देऊ नये.

दादरपूर्व: ठरलं. शीर्षकात ‘अमेरिकेने गरिबांची हमी काढली तेव्हा’, आणि मजकुरात पहिल्यांदा ‘तथाकथित कल्याण-सुधारणा’, अवतरणचिन्हांत. ‘यादी घटली’ ठेवतो, ‘गरीब घटले’ काढतो. ६० महिन्यांचं सरळ ‘पाच वर्षे’ करू का?

टेबलनंबरचार: नको. सलग नसतात ते. मधूनमधून घेतलेले महिने मिळून साठ मोजतात. ‘एकूण ६० महिने’ लिहा.