मदत हवी आहे: वर्गात आरएसएस रीडर वापरायचाय, एका अकाउंटवर सगळी मुलं बसवली आणि घोळ झाला

नमस्कार मंडळी, मी नववीला विज्ञान शिकवते. मुलांचे सहा गट केलेत, प्रत्येक गटाने एक विषय धरून महिनाभर त्यावर नवीन काय येतंय ते बघायचं असं ठरलंय. नुसतं सर्चवर सोडलं की मुलं पहिल्या दोन लिंक उघडतात आणि कॉपी-पेस्ट करून मोकळी होतात, म्हणून म्हटलं आरएसएस लावून देऊ, निवडलेल्या साइटवरचं नवीन आपोआप येईल आणि रोज थोडं वाचायची सवय लागेल.

मुलांकडे स्वतःचे ईमेल नाहीत म्हणून मी एका ऑनलाइन रीडरवर एकच अकाउंट काढून सगळ्यांना पासवर्ड दिला. एका गटाने 'सगळं वाचलं' दाबलं आणि बाकी पाच गटांच्या याद्या पण रिकाम्या! एक मुलगी मंगळावरच्या रोव्हरचा लेख शोधत अख्खा तास बसली, फार वाईट वाटलं मला.

आता लॅबमध्ये थंडरबर्ड (संगणकावर टाकायचं ईमेलचं सॉफ्टवेअर, आरएसएस पण वाचतं) टाकावं म्हणतेय, त्यात फीड (म्हणजे साइटची नवीन लेखांची आरएसएस यादी) वाचायला ईमेल लागत नाही आणि कुठल्या साइटची फीड लावलीत ती यादी ओपीएमएल फाइलमधून (अशा याद्या साठवायचा फाइलचा प्रकार) सगळ्या मशीनवर नेता येते. पण दोन गटांना एकच मशीन आहे, त्यांचं वेगळं कसं ठेवायचं? शिवाय बऱ्याच फीडमध्ये शेवटचे दहाएक लेखच असतात (वर्डप्रेस, ज्यावर बऱ्याच साइट बनवतात, त्याचं तर मूळ सेटिंगच १० आहे), मग जुनं कुठून आणायचं?

आणि खरी काळजी ही की फीडमध्ये दोन ओळींचा सारांश येतो आणि मुलं त्यावरच नोंद लिहितात, मूळ लेख उघडतच नाहीत. कोणी वर्गात हे चालवलंय का?

उत्तर १
ताई, थंडरबर्डच घ्या. त्यात एकापेक्षा जास्त फीड अकाउंट काढता येतात, प्रत्येक गटाच्या नावाने एक काढा, वाचलेलं-न वाचलेलं वेगळं राहतं. जुन्यासाठी फीडच्या मागे लागू नका, ते साइटवर जाऊनच शोधायला लावा, फीड फक्त नवीन आलेलं कळायला. सारांशाचं म्हणाल तर मी नोंदवहीत एक रकाना वाढवला, 'सारांशात नाही पण लेखात आहे अशी एक गोष्ट'. लेख उघडल्याशिवाय तो भरताच येत नाही.

धागाकर्ती
रकान्याची कल्पना फारच आवडली, उद्याच सुरू करते! फक्त एक सांगा, लेख इंग्रजीत असेल तर ती गोष्ट मुलांना मराठीत लिहू देता का?