इंफाळमध्ये पेट्रोल दोनशे रुपये लिटर: बाटलीवाल्याला आत टाकून काय होणार?

वणीकर
मणिपूरचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मिनिटांत ‘काळाबाजारवाल्यांना चौकात फटके द्या’ इथवर गाडी येते. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी लक्ष ठेवलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ मे २०२३ ला तिथे खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी-झो या दोन समाजांत हिंसाचार पेटला. इंफाळ खोऱ्यात माल येण्याचे मोठे रस्ते मुळात दोनच. दिमापूर-कोहिमाकडून येणारा एनएच-२ आणि सिलचर-जिरीबामकडून येणारा एनएच-३७. त्यातला पहिला कांगपोक्पी या डोंगरी जिल्ह्यात अडवला गेला. पंपावर शंभरीच्या आसपास मिळणारं पेट्रोल रस्त्याकडेला दोनशेला गेलं. तिथल्या लोकांना हे नवीन नाही. २०११ मध्ये सदर हिल्स हा वेगळा जिल्हा करा या मागणीवरून सुरू झालेली नाकेबंदी शंभर दिवस उलटून गेली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये युनायटेड नागा कौन्सिलने नव्या जिल्ह्यांच्या विरोधात सुरू केलेली थेट पुढच्या मार्चपर्यंत चालली.

आता रस्त्याकडेला पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरून बसलेली बाई बघा. लिटरमागे तिला पाच-दहा रुपये सुटत असतील. बाकीचा भाव त्या रस्त्याचा आहे: अडवणारे, वसुली करणारे, गोळीबाराची भीती. ही बाई उठली तर पेट्रोल शंभरला मिळणार नाही, मिळणारच नाही. आणि पंपाच्या भावाने मिळतं ते तरी कोणाला? ज्याला सहा तास रांगेत उभं राहायला वेळ आहे किंवा ज्याचा वशिला आहे त्याला. दोनशे देणारा निदान नड आहे म्हणून देतो.

निवृत्त_पुरवठेदार
वणीकर, तुमचं वय माहीत नाही, पण २५ जानेवारी २०११ हा दिवस आमच्या पुरवठा खात्यातला माणूस विसरू शकत नाही. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडलगतच्या पानेवाडी तेल डेपोजवळ एका ढाब्यापाशी टँकरमधली चोरी बघायला थांबले, मोबाइलवर चित्रण करू लागले, आणि त्यांना भर दिवसा पेटवून दिलं. मणिपुरात नाही, आपल्या नाशिक जिल्ह्यात. नाकेबंदी नव्हती, दंगल नव्हती. रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात जी दरी होती तेवढीच पुरली.

त्या साखळीच्या टोकालाही ‘गरीब बिचारे’च होते. दहा-वीस लिटर इकडचं तिकडे करणारे. त्यांच्याकडे कानाडोळा करा, पोट आहे म्हणा, आणि मग बघा मागे कोण मोठं होतं. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे, पेट्रोल-डिझेलच्या गैरव्यवहारांवर २००५ चा स्वतंत्र आदेश आहे. ते वापरायचेच नसतील तर रद्द करा.

निफाडचा_कांदेवाला
आला जीवनावश्यक कायदा! वाटच बघत होतो.

साहेब, याच कायद्याने ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची मर्यादा लावली. लासलगावला लिलाव बंद पडले, आणि चाळीत कांदा ठेवणारा आमच्यासारखा माणूस टीव्हीवर साठेबाज ठरला. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ ला. तेवढ्यात उन्हाळ कांद्याचं काय झालं ते आम्हाला विचारा. भाव वाढला की कोणाला तरी धरायचं, ही सरकारची जुनी खोड. वणीकर बरोबर बोलताहेत. माल कमी आहे तर भाव चढणार.

निवृत्त_पुरवठेदार
कांदा तुमच्या शेतातला, तुमच्या घामाचा. पेट्रोल पंपवाल्याला कंपनीने ठरलेल्या भावाने विकायला दिलेलं. दोन्ही एकाच तागडीत कसे घालता? कांद्याचा राग वेगळ्या धाग्यावर काढा, तिथे मीही येईन तुमच्या बाजूने.

टँकर_मनमाड
मी पानेवाडीहून गाडी भरतो. मुंबईहून पाइपलाइनने माल येतो, तिथून जिल्ह्यात आणि बाहेर. मणिपूरला गेलेलो नाही, पण धंदा तोच, म्हणून लिहितो.

वणीकर भाऊ, ‘रस्त्याचा भाव’ म्हणता तो ड्रायव्हरला मिळतो असं वाटतं का तुम्हाला? टँकरचं भाडं कंपनी आणि ट्रान्स्पोर्टर यांच्यात ठरलेलं असतं. तिकडे टँकर लष्कराच्या बंदोबस्तात ताफ्याने जातात, एप्रिल २०२४ मध्ये एनएच-३७ वर तामेंगलाँगकडे टँकरवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे गाडी चालवणाऱ्याच्या हातात दोनशेतला एक रुपया जादा पडत नाही. पावती कंपनीच्या भावाने, माल पंपाच्या टाकीत कंपनीच्या भावाने उतरतो. वाटेत वसुली होते ती ट्रान्स्पोर्टरच्या बोकांडी. पंपाचा बोर्ड त्याने बदलत नाही.

म्हणजे टँकर रिकामा होईपर्यंत पेट्रोल शंभरचंच असतं. त्याचे दोनशे होतात ते टाकीपासून बाटलीपर्यंत. तेवढ्या अंतरात गोळी कोणी झाडत नाही.

वणीकर
हा मुद्दा दमदार आहे. पण मग चोर पंपाच्या मागच्या दारात आहे, बाटलीवाल्या बाईत नाही, हेच मी म्हणतोय. पोलीस मात्र बाटल्या फोडतात, कारण त्या फुटपाथवर दिसतात.

सुरगाण्याची_सून
बाटलीतल्या पेट्रोलवर इतकं तावातावाने बोलताय, तुमच्यातल्या किती जणांनी ते वापरलंय? आमच्याकडे पाड्यांवर अजूनही किराणा दुकानात मिळतं. पंप लांब, म्हणून दहा-पंधरा रुपये जादा. त्याला कोणी काळाबाजार म्हणत नाही, पोहोच म्हणतात. (सीमेवरची पोरं तर गुजरातेत जाऊन टाकी भरून येतात, तिकडे स्वस्त.)

पण ती बाटली एकदा हातात घेऊन बघा. कोल्ड्रिंकची जुनी बाटली, लेबल अर्धं निघालेलं, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा. लिटर म्हणून देतात, असते पाऊण लिटर. उन्हाकडे धरली की तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसतो. तेच ओतलं की गाडी घाटात मधेच फटफट करून बंद. दहा रुपये जादा घेऊन ही तऱ्हा, तर दोनशेच्या बाटलीत काय असेल? तिथे तक्रार कोणाकडे करणार? ‘नडलेला माणूस दोनशे देतो’ म्हणे. नडलेला माणूस दोनशे देऊन रॉकेल मिसळलेलं घेतो आणि वर गप्प बसतो.

आणि वणीकर दादा, ज्याच्याकडे दोनशे नाहीत त्याला नड नसते का? बाळंतिणीला जीपमधून नेणाऱ्याचे खिसे तुम्ही बघितले नाहीत.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
ताईंना शंभर टक्के अनुमोदन.

आपल्याकडचं आठवा. जानेवारी २०२४, हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर संपावर, पानेवाडीच्या गाड्या थांबल्या. एक-दोन दिवसांचा खेळ, पण नाशिकमध्ये रांगा पंपापासून पुढच्या चौकापर्यंत. मी उभा होतो त्या पंपावर एका गृहस्थाने स्कॉर्पिओची टाकी फुल केली आणि डिकीतून दोन कॅन काढले. मागे आमच्यासारखे शंभर-दोनशेचं मागणारे. पंपावरच्या पोराने कॅनपण भरून दिले! ओळख होती, दुसरं काय. (त्या संपावर तोडगा काढायला बसलेले गृहसचिव अजय भल्ला वर्षभराने मणिपूरचे राज्यपाल झाले.)

सांगायचं काय, तर शिधावाटप करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आसामात रेल्वेमार्ग खचला तेव्हा त्रिपुराने दुचाकीला दिवसाला दोनशे रुपयांचंच पेट्रोल असा नियम लावला. सगळ्यांना थोडं, पण पंपाच्या भावाने.

माजी_तोफखाना
त्रिपुराच्या वेळी दरड कोसळली होती, बंदुका निघाल्या नव्हत्या. फरक आहे.

शिधावाटपाला यादी लागते, यादीला कार्यालय लागतं, आणि कार्यालयापर्यंत माणसाला जिवंत पोचता आलं पाहिजे. तुम्ही सगळे फक्त इंफाळचं बोलताय. डोंगराळ चुराचांदपूर जिल्ह्यातले कुकी-झो लोक इंफाळच्या पंपावर जाऊच शकत नव्हते. त्यांचा माल मिझोरामकडून, ऐझॉलवरून, लांबच्या डोंगरी रस्त्याने यायचा. खोऱ्यातला मैतेई म्हणतो त्यांनी आमचा रस्ता अडवला. डोंगरातला म्हणतो, आम्हाला तर इंफाळचा विमानतळही बंद झाला. पेट्रोल दोघांनाही महाग. अशा ठिकाणी कूपन कोण छापणार आणि दुसरी बाजू ते मानणार का?

मी तिथे असतो तर आधी रस्ता उघडायला माणसं लावली असती. जुलै २०२३ मध्ये मणिपुरातल्या खोंगसांग स्टेशनापर्यंत मालगाडी गेली, तो शहाणपणाचा निर्णय होता. बाटल्या मोजणं नंतर.

निफाडचा_कांदेवाला
फौजी बोलले. पुरवठा वाढला की भाव आपोआप खाली. कायदा-बियदा काही लागत नाही.

निवृत्त_पुरवठेदार
आपोआप काही होत नाही. पंपाच्या टाकीत बारा हजार लिटर उतरले आणि सकाळी अकराला ‘स्टॉक नाही’ची पाटी लागली, तर माल गेला कुठे हे शोधणं अवघड नाही. मशीनमध्ये टोटलायझर असतो, किती लिटर बाहेर पडलं ते आकड्यात दिसतं. टाकीत डिप रॉड टाकला की उरलेला साठा कळतो. दोन आकडे टँकरच्या चलनाशी, म्हणजे माल उतरल्याच्या पावतीशी जुळवा. हे काम मी उभं आयुष्य केलंय, त्याला अर्धा तास पुरतो.

टँकर_मनमाड
चोर माल नोझलमधूनच ड्रमात भरतो साहेब. टोटलायझर बरोबरच दाखवणार.

निवृत्त_पुरवठेदार
मग प्रत्येक विक्रीची नोंद बघायची. दुचाकीत एका वेळी दोन-चार-दहा लिटर जातं. रात्री दोनला एकाच नोझलवर लागोपाठ दोनशे-दोनशे लिटरच्या नोंदी असतील तर ती दुचाकी नव्हे. हल्ली पंप ऑटोमेटेड आहेत, हे कंपनीला बसल्या जागी दिसतं. परवान्याशिवाय घरात तीस लिटरच्या वर पेट्रोल ठेवता येत नाही, त्यामुळे ड्रम सापडला की मालकही सापडला.

वणीकर
बसल्या जागी दिसायला नेट लागतं. मणिपूरमध्ये कित्येक महिने इंटरनेट बंद होतं.

निवृत्त_पुरवठेदार
डिप रॉडला नेट लागत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तलाठी पाठवा, सोबत दोन जवान द्या.

टँकर_मनमाड
तलाठी त्याच गल्लीतला असतो साहेब. जवान महिन्याभराने बदलून जातात, तलाठ्याचं घर तिथेच. सोनवणे साहेबांच्या मागे तर अख्खं सरकार उभं होतं.

सुरगाण्याची_सून
मग बाहेरच्या जिल्ह्यातला पाठवा. निवडणुकीला पाठवता ना?