शब्दचर्चा : 'स्मार्टफोन' नक्की कशाला म्हणायचं?

मोबाईलच्या इतिहासावर मराठीत एक लेख लिहितोय आणि एका शब्दावर अडकलोय. 'जगातला पहिला स्मार्टफोन १९९४ साली आला' असं वाक्य लिहिलं, आयबीएमच्या सायमनबद्दल, आणि मग वाटलं की हे बरोबर आहे का? कारण तो विकताना स्मार्टफोन म्हणून विकलाच नव्हता, 'पर्सनल कम्युनिकेटर' म्हणून विकला होता. मग आपण तो शब्द मागे नेऊन त्याला चिकटवायचा का? आणि मुळात त्या शब्दाचा अर्थ काय धरायचा, टचस्क्रीन, इंटरनेट, की आणखी काही? दुसरं म्हणजे मराठीत कोणी 'चतुरध्वनी' वगैरे लिहिलं तर ते चालेल का?

प्रतिसाद :
माझ्या मते टचस्क्रीन असला की स्मार्टफोन. बोलताना तरी आपण हेच करतो ना, एक 'बटणांचा फोन' आणि एक 'टचचा'. बटणांचा म्हणजे साधा, टचचा म्हणजे स्मार्ट. लोकांनी भेद हाताला जे लागतं त्यावरून केलाय आणि मला तो पटतो.

प्रतिसाद :
बोलीपुरतं ठीक आहे पण लेखात हा भेद टिकणार नाही. ब्लॅकबेरी घ्या, अख्खी बटणं होती आणि स्मार्टफोन म्हटलं की तेव्हा पहिलं नाव तेच यायचं. उलट एलजीचा प्राडा घ्या, २००६ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला, म्हणजे आयफोनच्याही आधी, बोटाच्या स्पर्शावर चालणारा मोठा स्क्रीन, दिसायला पार आजच्यासारखा, पण आतून तो साधाच फोन होता, कंपनीने जे भरून दिलं तेवढंच. त्यामुळे टच हा निकष दोन्हीकडून फसतो.

प्रतिसाद :
'चतुरध्वनी'बद्दल आधी बोलतो कारण तिथेच खरी गोम आहे. मराठीत स्मार्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर माणूस येतो, 'काय स्मार्ट दिसतोय' म्हणजे टापटीप, 'ओव्हरस्मार्ट' म्हणजे अतिशहाणा. या शब्दातला स्मार्ट त्या अर्थाचा नाहीये. मोठ्या कॉम्प्युटरच्या जमान्यात टर्मिनल दोन प्रकारचे असायचे, एक नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड, सगळं डोकं दुसरीकडे, त्याला डम्ब टर्मिनल म्हणायचे, आणि ज्यात स्वतःचा प्रोसेसर असे, जो स्वतः काही प्रक्रिया करू शके तो स्मार्ट टर्मिनल. स्मार्ट कार्डातही तोच अर्थ, नुसती चुंबकीय पट्टी नाही तर आत चिप आहे. आणि गंमत म्हणजे आपलं सिम कार्ड हेच मुळात स्मार्ट कार्ड, म्हणजे अगदी साध्यातल्या साध्या जीएसएम फोनच्या पोटातही एक 'स्मार्ट' वस्तू बसलेली असते. तर इथे हुशारीचा संबंध नाही, स्वतःची प्रक्रिया करण्याचा संबंध आहे. 'चतुर' लावलं की वाचक भलत्या वाटेला जातो. तुम्ही सरळ स्मार्टफोन लिहा, रुळलेला शब्द आहे.

धागाकर्ता :
हे पटलं, खूप आभार. म्हणजे निकष असा धरू का, की ज्यात बाहेरचे प्रोग्रॅम टाकता येतात तो स्मार्टफोन?

प्रतिसाद :
बहुतेक जण हाच धरतात आणि सायमन त्यात बसतो, त्यात पीसीएमसीआयए कार्ड (तेव्हा लॅपटॉपच्या खाचेत घालायचे तसलं) घालून बाहेरचं सॉफ्टवेअर चालवायची सोय होती. शिवाय ईमेल, फॅक्स, कॅलेंडर, स्टायलसने लिहायचा स्क्रीन. बॅटरी बोलताना तासभर टिकायची, त्यामुळे खपला फार नाही, साधारण ५०,००० नग.

पण हाच निकष कडक लावला तर दोन मोठी नावं बाहेर पडतात बघा. एक, एरिक्सनचा आर३८०, २००० साली आलेला, सिम्बियन या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा आणि 'स्मार्टफोन' हे नाव लावून बाजारात विकला गेलेला पहिला फोन हाच. (एरिक्सनच्याच १९९७ च्या जीएस८८ फोनच्या खोक्यावर पण स्मार्ट फोन छापलं होतं, पण तो विक्रीला आलाच नाही.) आणि या आर३८० मध्ये वापरणाऱ्याला स्वतःचं सॉफ्टवेअर टाकता यायचं नाही! दोन, पहिला आयफोन. २९ जून २००७ ला विक्रीला आला तेव्हा ॲप स्टोअर नव्हतंच, ते आलं जुलै २००८ मध्ये, तोपर्यंत बाहेरच्यांनी फक्त ब्राउझरमधून चालणारी वेब ॲप्स करायची. म्हणजे पहिलं वर्षभर आयफोन या व्याख्येत बसत नाही, आणि तो स्मार्टफोन नव्हता असं कोणी म्हणायला धजणार नाही.

प्रतिसाद :
आणि दुसऱ्या बाजूने जावाचे गेम विसरू नका!! साध्या बटणांच्या फोनवर जावा (वेगवेगळ्या फोनवर चालणारे छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) असायचं, बाहेरून गेम उतरवून खेळता यायचे, ऑपेरा मिनी टाकून नेट बघता यायचं. मग ते सगळे स्मार्टफोन झाले का? नाही झाले, कारण ते प्रोग्रॅम जावाच्या कुंपणात चालायचे, फोनच्या मूळ सिस्टिमपर्यंत त्यांचा हात पोचायचा नाही. सिम्बियन किंवा पाम ओएस अशा ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र बाहेरचा प्रोग्रॅम थेट त्या सिस्टिमसाठीच लिहिलेला असायचा. फरक खरा तिथे आहे, पण तो दुकानात उभ्या माणसाला दिसत नाही, म्हणून शब्द कायम सैल राहिला.

प्रतिसाद :
'फीचर फोन' हा शब्द पण यात घ्या. आज तो साध्या फोनसाठी वापरतात, जणू काही कमी आहे असा, पण 'फीचर' म्हणजे तर जादा सोयी! कॅमेरा, रेडिओ, जावा वगैरे असलेले फोन, नुसत्या बोलण्याच्या फोनपेक्षा वरचे. स्मार्टफोन वर चढला तसा हा शब्द खाली उतरला. लँडलाइनचं तसंच, मोबाईल येईपर्यंत तो नुसता 'फोन' होता, त्याला वेगळं नाव कशाला लागेल. आता तर 'फोन' म्हटलं की स्मार्टफोनच, आणि वेगळं नाव जुन्यालाच द्यावं लागतं, बटणांचा.

प्रतिसाद :
भ्रमणध्वनीबद्दल कोणीच बोललं नाही, एवढं सांगून जाते. फिनिश भाषेत मोबाईलला मात्कापुहेलिन म्हणतात, मात्का म्हणजे प्रवास, म्हणजे जवळपास आपला भ्रमणध्वनीच. आणि तिथेही बोलताना तो वापरत नाहीत, कॅन्युक्कॅ म्हणतात, हाताशी नातं सांगणारा शब्द. जर्मन लोक हँडी म्हणतात, चिनी शब्द 'हाताचं यंत्र' असा आहे. फिरण्यावरून पडलेलं नाव कागदावर राहतं आणि हातावरून पडलेलं तोंडात बसतं असं दिसतंय. बटणांचा आणि टचचा हे पण त्याच जातीचे शब्द, त्यांना कमी लेखू नका.

धागाकर्ता :
सगळं वाचून असं ठरवतोय. एकच व्याख्या १९९४ पासून आजपर्यंत लावायची नाही. ज्या वस्तूला तेव्हा जे म्हणत होते ते आधी लिहायचं, सायमनला पर्सनल कम्युनिकेटर, नोकियाच्या १९९६ च्या ९००० ला कम्युनिकेटर, आणि स्मार्टफोन हा शब्द आर३८० पासून पुढे मोकळेपणाने. २००८ नंतर त्याच्या अर्थात 'ॲप टाकता येणारा' हे गृहीतच धरलं जातं, तेही एका ओळीत सांगायचं. वाक्य असं केलंय : 'आज ज्याला पहिला स्मार्टफोन म्हणतात तो आयबीएमचा सायमन १९९४ साली पर्सनल कम्युनिकेटर या नावाने विक्रीला आला.' कसं वाटतंय?

प्रतिसाद :
चांगलं आहे. फक्त 'म्हणतात' ऐवजी 'मानतात' करा, कारण त्यावर वाद आहे हे त्यात आपोआप येतं.