मॉन्टे कॅसिनोच्या मठाचं खापर चौथ्या हिंदी डिव्हिजनवर?

सह्यकडा : परवा एकाने ठोकून दिलं, "मॉन्टे कॅसिनोचा मठ हिंदी डिव्हिजनच्या हट्टापायी पडला." हा दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांनी धरून ठेवलेल्या डोंगरावरचा ख्रिस्ती मठ. राग आला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मागणी चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या जनरल टकरची होती, कबूल. पण त्याचं मूळ म्हणणं होतं की या डोंगराला समोरून भिडूच नका, वळसा घाला. कुणी ऐकेना, तेव्हा त्याने नेपल्सच्या दुकानांतून १८७९ चं पुस्तक मिळवलं. मठाच्या भिंती पायाशी १० फूट जाड! मग तो म्हणाला, चढायचंच असेल तर आधी विमानं पाठवा. अमेरिकन सेनापती क्लार्कचा विरोध होता, त्याच्या वरच्या ब्रिटिश अलेक्झांडरने होकार दिला. १५ फेब्रुवारी १९४४ ला बॉम्ब पडले तेव्हा डोंगरावरच्या आपल्या जवानांना धड कळवलंही नव्हतं. काही बॉम्ब त्यांच्यातच पडले. त्या रात्री चढाईला गेली याच डिव्हिजनमधल्या ससेक्स या ब्रिटिश पलटणीची एक कंपनी. नंतर जर्मन छत्रीधारी ढिगाऱ्यात घुसले ते मे महिन्यापर्यंत.

काजवा : असहमत. मागणी कुणाची, याने मेलेल्यांना काय फरक पडतो? मठात जर्मन फौज नव्हती, हे अमेरिकन लष्कराच्या अधिकृत इतिहासानेच १९६९ मध्ये लिहिलं. आत होते वृद्ध मठाधिपती दियामारे, मोजके साधू आणि आसऱ्याला आलेली कुटुंबं. त्यातली दोनशेच्या आसपास माणसं गेली. हस्तलिखितं श्लेगेल या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने साधूंबरोबर आधीच हलवली म्हणून वाचली. चर्चमधली लूका जोर्दानोची भित्तिचित्रं कोण हलवणार? आज उभी आहे ती प्रतिकृती.

पळसदरी : प्रतिकृती म्हणून हिणवू नका. ५२९ पासूनचा मठ. लोम्बार्ड टोळ्यांनी पाडला, ८८३ मध्ये सारासेनांनी (अरब हल्लेखोरांनी) जाळला, १३४९ च्या भूकंपात कोसळला. दरवेळी तिथेच उभा राहिला. १९६४ मध्ये पोप सहाव्या पॉलने पुन्हा प्रतिष्ठापना केली, ती काय खोटी?

अवांतर : मराठा पलटणीच्या यशवंत घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस इथलाच ना?

सह्यकडा : नाही! घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. कॅसिनोला मराठे नव्हतेच. आपलं नाव कुठेही चिकटवू नका.

बोरीबंदर : "नव्हतेच" कुणाच्या जिवावर लिहिता? मेच्या लढाईत मठाखालच्या गारी नदीवर आठवी हिंदी डिव्हिजन होती, आणि तिच्यात १/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण. माझे आजोबा त्यात होते. ते गेल्यावर आजी पदकांचा डबा घेऊन एका कचेरीत गेली. तिथला माणूस म्हणाला, "ही इंग्रजांची लढाई, आमच्याकडे काय मागता?" आजी एसटीत डबा मांडीवर घेऊन रडत आली. मी शेजारी बसलो होतो. आणि तुम्हीही आज तेच म्हणताय.

सह्यकडा : माझ्या डोक्यात फेब्रुवारीचीच लढाई होती. पण वाक्य तसं लिहिलं नाही, चूक माझी. आजींबद्दल वाचून वाईट वाटलं.

काजवा : पलटणींची उजळणी झाली असेल तर त्या माणसांवर बोला. बॉम्ब टाकायला हवे होते की नाही?

बोरीबंदर : नको होते. पण आजोबा सांगायचे, तिथे दिवसा मान वर काढायची सोय नव्हती, वरून सगळं दिसायचं. त्या डोंगराखाली मी पडलो असतो तर पाडा म्हणूनच ओरडलो असतो.