यंत्राचा ‘पूर्वग्रह’ की ‘पक्षपात’?

मूळ प्रश्न
जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संगणकशास्त्रज्ञांच्या २०१८ च्या अभ्यासावरील एका लेखाचा मी अनुवाद करत आहे. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन प्रणाली त्यांनी तपासल्या, तेव्हा सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत मात्र ते ०.८ टक्क्यांपुढे गेले नाही. या दोषाला मी ‘पूर्वग्रह’ म्हटले होते, ते खोडून संपादकांनी ‘पक्षपात’ केले. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद १
संपादकांचे बरोबर आहे. पूर्वग्रहाला मन लागते, पक्षपात मात्र निकालातच दिसतो. आमची आजी त्याला ‘पंक्तिप्रपंच’ म्हणत असे. पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याला नुसते वरण, एवढे दिसले की वाढणाऱ्याच्या मनात काय होते हे कोणी विचारत नसे.

प्रतिसाद २
‘पक्षपात’ म्हटले की हेतू आलाच. मी ‘पासंग’ सुचवतो. तागडीच्या दोन पारड्यांत मुळातच जो फरक असतो तो पासंग. त्यातला ‘संग’ म्हणजे फारसीत दगड. ‘पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सर्रास म्हणतो, पण मूळ अर्थ विसरलो आहोत. प्रणालीला शिकवताना दाखवलेल्या छायाचित्रांत गोरे चेहरेच अधिक असतील, तर दोष तागडीतलाच ठरतो.

प्रतिसाद ३
माझे विद्यार्थी सरळ ‘बायस’ म्हणतात आणि त्यांना अर्थ नेमका कळतो. रुळलेला शब्द हुसकावून तागडी कशाला आणायची?

प्रतिसाद ४
‘बायस’ वर्गात चालेल. ज्याचा अर्ज यंत्राने नाकारला, त्याला तो काय सांगणार? ‘पासंग’ शब्द देखणा आहे, पण त्यात तागडी धरणारा हात सुटून जातो, आणि ‘यंत्राकडून पक्षपात झाला’ या वाक्यातही कर्ता असाच निसटतो. अमेरिकेतील आरोपींच्या पुनर्गुन्ह्याची शक्यता वर्तवणाऱ्या ‘कॉम्पास’ प्रणालीची ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये छाननी केली, तेव्हा पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांना अधिक धोक्याचे ठरवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. ती प्रणाली कोणीतरी विकली, कोणीतरी न्यायालयात आणली. वाक्यात ती माणसे दिसलीच पाहिजेत.

प्रतिसाद २
पण ‘कॉम्पास’ने धोक्याचे समान गुण दिलेल्या दोन्ही गटांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण सारखेच येते, म्हणून प्रणाली न्याय्य आहे, असे ती बनवणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते. तेव्हा आधी ‘न्याय्य’ म्हणजे काय ते ठरवावे लागेल.

प्रतिसाद १
तिथे ‘न्याय्य’ नको, ‘समन्यायी’ हवा.

प्रतिसाद ४
‘समन्यायी’ हा पाणीवाटपाच्या चळवळीने रुळवलेला शब्द आहे. तिथे वाटायला पाणी असते. इथे वाटली जाते ती चूक, आणि चुकीचे समन्यायी वाटप मला मान्य नाही.